हार्वर्डचा प्रवेश आणि उमेदवाराचा अदमास : एक ऐतिहासिक अभ्यास (१९०१ ते २०२५)

प्रस्तावना :

मोजक्या जागा आणि असंख्य अर्ज अशी स्थिती असलेल्या विद्यापीठात अर्ज करणाऱ्या विद्यार्थ्यास पडणारा पहिला प्रश्न आपल्याला तेथे प्रवेश मिळण्याची शक्यता किती, हा होय. भारतीय विद्यार्थ्यास व त्याच्या पालकांस या प्रश्नाचे उत्तर गुणांच्या भाषेत मिळण्याची सवय आहे. मागील वर्षीची गुणवत्ता यादी कोठे थांबली हे पाहिले की आपण यादीच्या आत आहोत की बाहेर, याचा अंदाज येतो. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या पदवीपूर्व महाविद्यालयाबाबत असा अंदाज बांधता येत नाही. सर्वोच्च गुण असलेला विद्यार्थी नाकारला जातो आणि त्याच्याहून कमी गुणांचा स्वीकारला जातो. हा तेथील शिक्षणपद्धतीचा स्वभावधर्मच आहे, असे सर्वसाधारणपणे मानले जाते.

इतिहास मात्र वेगळे सांगतो. विसाव्या शतकाच्या प्रारंभी हार्वर्डचा उमेदवार आपली शक्यता बऱ्याच अंशी स्वतः जोखू शकत होता. ही सोय १९२२ ते १९२६ या चार वर्षांत संपुष्टात आली आणि ती संपुष्टात आणण्यामागे विशिष्ट हेतू होता. प्रस्तुत लेखात या बदलाचा आणि त्यानंतरच्या घडामोडींचा मागोवा घेतला आहे.

परीक्षेचा काळ :

चार्ल्स एलियट हे १८६९ ते १९०९ अशी चाळीस वर्षे हार्वर्डचे अध्यक्ष होते. त्या काळात प्रत्येक महाविद्यालय स्वतःची प्रवेश परीक्षा घेत असे. एका महाविद्यालयाच्या परीक्षेची तयारी दुसऱ्याच्या उपयोगी पडेलच असे नसे, त्यामुळे शाळांची मोठी अडचण होई. ती दूर करण्यासाठी १९०० मध्ये महाविद्यालयीन प्रवेश परीक्षा मंडळ स्थापन झाले. मंडळाची पहिली परीक्षा जून १९०१ मध्ये झाली आणि तिला ९७३ उमेदवार बसले. ही परीक्षा निबंधवजा उत्तरांची व विषयवार असे. काही वर्षांतच हार्वर्डने ती स्वीकारली.

त्या वेळच्या पद्धतीत 'निवड' असा प्रकार जवळजवळ नव्हता. विहित विषयांत जो उत्तीर्ण होई, त्याला प्रवेश मिळे. एखाददुसऱ्या विषयात जो कमी पडे, त्यालाही तो विषय पुढे पूर्ण करण्याच्या अटीवर घेतले जाई. जागांची संख्या ठरलेली नव्हती. त्यामुळे शेजारच्या उमेदवाराचे गुण किती, याची चिंता करण्याचे कारणही नव्हते. ज्याच्याकडे शुल्काचे पैसे होते आणि ज्याची तयारी बरी होती, त्याला प्रवेश मिळणारच होता. अर्थात शुल्काची अट लहान नव्हती. लॅटिनसारखे विषय सर्व सरकारी शाळांत शिकवले जात नसत, हीदेखील एक चाळणीच होती. तथापि ही चाळणी डोळ्यांना दिसत होती.

या खुल्या दारातून कोण आत आले, हे १९०८ च्या आकड्यांवरून समजते. त्या वर्षी प्रथम वर्षाच्या वर्गात सुमारे ४५ टक्के विद्यार्थी सरकारी शाळांतून आलेले होते. कॅथलिक ९ टक्के व ज्यू ७ टक्के होते. पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू कुटुंबांची मुले बोस्टन व न्यूयॉर्कच्या शाळांत शिकून परीक्षा देऊ लागली होती. १९२२ पर्यंत हार्वर्डच्या वर्गातील ज्यू विद्यार्थ्यांचे प्रमाण एकपंचमांशाहून अधिक झाले.

१९२२ ते १९२६ : निकषांचे परिवर्तन :

एलियट यांच्यानंतर अध्यक्ष झालेले ॲबट लॉरेन्स लोवेल यांना हे प्रमाण धोक्याचे वाटले. ज्यूंची संख्या वाढली तर त्यांच्याविषयीचा द्वेष वाढेल, म्हणून संख्येवर मर्यादा घालणे हे ज्यूंच्याच हिताचे आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. ज्यांच्याविषयी द्वेष आहे त्यांनाच द्वेषाचे कारण ठरवणारा हा युक्तिवाद इतिहासाच्या अभ्यासकांस नवा नाही. १५ टक्क्यांच्या आसपास मर्यादा असावी, असे लोवेल यांचे मत होते आणि ती उघडपणे जाहीर करण्यासही त्यांची तयारी होती.

उघड मर्यादेस प्राध्यापकवर्गातून व बाहेरून विरोध झाला आणि एक समिती नेमण्यात आली. विद्यार्थ्यांची गणना करताना नावे, मूळ गाव, पालकांचा व्यवसाय आदी तपशिलांवरून त्यांचे वर्गीकरण केले गेले. निश्चित ज्यू, बहुधा ज्यू आणि कदाचित ज्यू असे तीन गट करून त्यांना 'जे-१', 'जे-२', 'जे-३' अशा खुणा देण्यात आल्या. १९२२ च्या शरद ऋतूपासून प्रवेश-अर्जातही नवे प्रश्न आले. वंश व वर्ण, धर्म, आईचे माहेरचे आडनाव, वडिलांचे जन्मस्थान यांबरोबरच जन्मानंतर स्वतःच्या अथवा वडिलांच्या नावात काही बदल केला आहे काय, असेही विचारले जाऊ लागले. शेवटच्या प्रश्नाचा रोख कोणाकडे होता, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

समितीने एप्रिल १९२३ मध्ये अहवाल दिला. त्यात धर्मावर आधारित मर्यादा फेटाळली होती. मात्र देशाच्या दूरच्या भागांतून विद्यार्थी यावेत म्हणून शाळेतील पहिल्या सातव्या हिश्शातील मुलांना परीक्षेविना घेण्याची शिफारस होती. भौगोलिक विस्ताराने ज्यूंचे प्रमाण आपोआप घटेल, ही अपेक्षा फलद्रूप झाली नाही. १९२५ मध्ये ते प्रमाण २७ टक्क्यांच्या वर गेले.

यानंतर १९२६ मध्ये जो निर्णय झाला, तो या विषयाच्या इतिहासातील निर्णायक टप्पा मानावा लागेल. प्रथम वर्षाचा वर्ग १००० विद्यार्थ्यांपुरता मर्यादित करण्यात आला. संख्या मर्यादित झाल्यामुळे 'उत्तीर्ण' हा शब्द निरर्थक झाला आणि उत्तीर्णांतून निवड करणे भाग पडले. ही निवड केवळ विद्वत्तेवर न करता 'चारित्र्य' व व्यक्तिमत्त्व पाहून करावी असे ठरले. त्यासाठी छायाचित्र, शिफारसपत्रे आणि मुलाखती यांना महत्त्व आले. ज्यूंची संख्या कमी करण्याचा नियम कोठेही लिहिला गेला नाही, तरी पुढील काही वर्षांत त्यांचे प्रमाण १५ टक्क्यांच्या आसपास आले. लोवेल यांना उघडपणे न मिळालेली मर्यादा अशा रीतीने प्रत्यक्षात आली. जेरोम काराबेल यांच्या 'द चोझन' (२००५) या ग्रंथात हा सर्व व्यवहार विद्यापीठाच्याच कागदपत्रांच्या आधारे विस्ताराने मांडलेला आहे.

उमेदवाराच्या दृष्टीने पाहता येथे मूलभूत फरक पडला. १९१० च्या उमेदवाराला 'माझी तयारी झाली आहे काय?' असा प्रश्न स्वतःस विचारता येई आणि त्याचे उत्तरही देता येई. १९२६ नंतरच्या उमेदवारापुढे 'मी त्यांना कसा वाटेन?' असा प्रश्न उभा राहिला. याचे उत्तर त्याच्याजवळ असणे शक्यच नव्हते.

याच संक्रमणकाळात एका मराठी विद्यार्थ्याने हार्वर्डमध्ये प्रवेश घेतला, ही नोंद येथे अप्रस्तुत ठरू नये. गोव्यात १९०७ मध्ये जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी हे वडिलांबरोबर १९१८ मध्ये अमेरिकेस गेले. धर्मानंद कोसंबी हार्वर्डमध्ये पाली ग्रंथाच्या संपादनाचे काम करीत होते. दामोदर यांनी केंब्रिज येथील लॅटिन स्कूलमधून १९२४ मध्ये शालेय शिक्षण पूर्ण केले आणि शाळेतील कामगिरीमुळे त्यांना प्रवेश परीक्षेतून सूट मिळाली. मध्यंतरी ते भारतात येऊन परतले आणि १९२९ मध्ये सर्वोच्च श्रेणीत पदवीधर झाले. पुढे गणितज्ञ व इतिहासकार म्हणून ख्यातनाम झालेल्या या विद्यार्थ्याने शिक्षण सुरू केले तेव्हा एक पद्धत होती आणि ते पदवी घेऊन बाहेर पडले तेव्हा दुसरी.

गुणवत्तेचे पुनरागमन व त्याच्या मर्यादा :

१९३३ मध्ये अध्यक्ष झालेले रसायनशास्त्रज्ञ जेम्स कॉनंट यांनी देशभरातील गुणी पण निर्धन मुलांसाठी राष्ट्रीय शिष्यवृत्त्या सुरू केल्या. अशा मुलांची निवड करण्यासाठी त्यांनी १९२६ पासून घेतल्या जाणाऱ्या 'सॅट' या बुद्धिकल चाचणीचा आधार घेतला. नंतर अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक (१९८१) मिळवणारे जेम्स टोबिन हे इलिनॉयमधील सरकारी शाळेतून १९३५ मध्ये अशाच शिष्यवृत्तीवर हार्वर्डमध्ये आले. १९४२ मध्ये मंडळाच्या जुन्या निबंधवजा परीक्षा बंद झाल्या आणि 'सॅट' ही सर्वांसाठीच प्रमुख परीक्षा झाली.

तरीही १९२६ ची चौकट मोडली गेली नाही. तिच्यात एक कप्पा वाढला, एवढेच. १९५० च्या दशकात प्रवेशाचे अधिष्ठाता असलेले विल्बर बेंडर यांनी केवळ बुद्धिमत्तेच्या शिखरावरील एक टक्का मुले घेण्याच्या धोरणास स्पष्ट विरोध केला. त्यांच्यानंतरचे फ्रेड ग्लिम्प यांनी तर 'आनंदी तळचा चतुर्थांश' अशी कल्पना मांडली. कोणत्याही वर्गात चौथा हिस्सा तळाशी राहणारच. तेव्हा तेथे राहूनही खचून न जाणारे खेळाडू वा अन्य गुणांचे विद्यार्थी त्या जागी घ्यावेत, असा तिचा आशय होता. ही कल्पना समंजस आहे. परंतु तिच्यामुळे गुणपत्रकावरून अदमास बांधणे अधिकच अवघड झाले.

पुढे हीच लवचीक पद्धत उलट दिशेने उपयोगात आली. कृष्णवर्णीय व अन्य वंचित समूहांतील विद्यार्थ्यांना स्थान देण्यासाठी तिचा आधार घेतला गेला. १९७८ च्या बाकी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती पॉवेल यांनी हार्वर्डची योजना आदर्श म्हणून उद्धृत केली. बहिष्कारासाठी घडवलेले साधन समावेशासाठी वापरले गेले, हा या इतिहासातील सर्वांत गुंतागुंतीचा भाग आहे. त्याचा निवाडा एका वाक्यात करणे अभ्यासकास शोभणारे नाही.

न्यायालयात उघडलेली दप्तरे :

नोव्हेंबर २०१४ मध्ये आशियाई-अमेरिकन उमेदवारांवर अन्याय होतो, या आरोपावरून हार्वर्डविरुद्ध खटला दाखल झाला. ऑक्टोबर २०१८ मध्ये बोस्टन येथे झालेल्या सुनावणीत आजवर बंद असलेली माहिती प्रथमच उजेडात आली. प्रत्येक अर्जास अभ्यास, अभ्यासेतर कार्य, क्रीडा, शाळेची शिफारस आणि व्यक्तिमत्त्व यांसाठी श्रेणी दिली जाते आणि त्यात १ ही श्रेणी सर्वोत्तम असते. अंतिम निर्णय सुमारे ४० सदस्यांची समिती बहुमताने घेते. आशियाई-अमेरिकन उमेदवारांना व्यक्तिमत्त्वाची श्रेणी सरासरीने कमी मिळत होती. १९२६ मधील 'चारित्र्य' या निकषाची आठवण यामुळे अनेकांस झाली. मात्र हेतुपुरस्सर भेदभाव सिद्ध होत नाही, असा निर्णय न्यायाधीश ॲलिसन बरोज यांनी २०१९ मध्ये दिला.

उमेदवाराच्या अदमासाच्या दृष्टीने दोन आकडे विशेष बोलके आहेत. एका वर्षी सुमारे १६०० जागांसाठी आलेल्या अर्जांत गणिताच्या 'सॅट'मध्ये पूर्ण गुण असलेले ३४०० हून अधिक अमेरिकी उमेदवार होते, तर शाळेत पूर्ण गुणांची सरासरी असलेले ८००० हून अधिक होते. अर्थात पूर्ण गुण असणाऱ्या सर्वांनाच घ्यायचे ठरवले तरी जागा पुरल्या नसत्या.

दुसरा आकडा अधिक महत्त्वाचा आहे. विद्यापीठाने हेरलेले खेळाडू, माजी विद्यार्थ्यांची मुले, देणगीदार आदींच्या नात्यामुळे अधिष्ठात्यांच्या विशेष यादीत असलेले उमेदवार आणि प्राध्यापक-कर्मचाऱ्यांची मुले हे चार गट मिळून अर्जदारांत सुमारे ५ टक्के होते. प्रवेश मिळालेल्यांत मात्र त्यांचा वाटा सुमारे ३० टक्के होता. हिशेबाच्या सोयीसाठी दर हजार अर्जदारांतून ७० जणांना प्रवेश मिळाला असे धरू. त्यांतील २१ जण पहिल्या ५० मधले ठरतात आणि उरलेल्या ९५० जणांच्या वाट्यास ४९ जागा येतात. कागदावर दिसणारा दर ७ टक्के असतो. प्रत्यक्षात एका गटासाठी तो ४२ टक्के होतो, तर दुसऱ्यासाठी ५ टक्क्यांच्या आसपास येतो. म्हणजेच सरासरी दर हा जवळजवळ कोणत्याही एका उमेदवाराचा दर नसतो. हे आकडे अमेरिकेतील अर्जदारांचे आहेत. भारतातून अर्ज करणारे या विश्लेषणात समाविष्ट नव्हते, तेव्हा मुंबई वा पुण्याच्या विद्यार्थ्याने ते स्वतःस जसेच्या तसे लावणे योग्य होणार नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २९ जून २०२३ रोजी वंशाचा विचार करणारी प्रवेशपद्धती घटनाबाह्य ठरवली. उमेदवाराने आपल्या आयुष्यावर वंशाचा काय परिणाम झाला हे निबंधात लिहिल्यास ते विचारात घेता येईल, एवढी मोकळीक निकालपत्रात ठेवली. माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना मिळणारे प्राधान्य या निकालाच्या कक्षेत नव्हते. त्याविषयी जुलै २०२३ मध्ये केंद्रीय शिक्षण विभागाने स्वतंत्र चौकशी सुरू केली.

महामारीच्या काळात ऐच्छिक केलेली 'सॅट'सारखी परीक्षा हार्वर्डने एप्रिल २०२४ मध्ये पुन्हा सक्तीची केली. त्याच वसंतात ५४,००८ अर्जांतून १,९३७ जणांना, म्हणजे सुमारे ३.६ टक्के उमेदवारांना, प्रवेश देऊ केल्याचे विद्यापीठाने जाहीर केले होते. पुढील वर्षी, मार्च २०२५ मध्ये, निर्णय कळवले गेले तेव्हा अर्ज किती आले व प्रवेश किती दिले हे विद्यापीठाने सांगितले नाही. ते आकडे ऑक्टोबरमध्ये, नवे विद्यार्थी वर्गात बसल्यानंतर आणि त्यापुढील वर्षाचे अर्ज येऊ लागल्यानंतर प्रसिद्ध झाले.