रीत दाखवण्यास मनाई

गणिताच्या पेपरात एखाद्या मुलाने नुसते उत्तर लिहिले आणि ते बरोबर असले, तरी आपण पूर्ण गुण देत नाही. 'रीत कुठे आहे?' असे शेजारी लिहितो. मुलांना हा अन्याय वाटतो. उत्तर बरोबर आहे ना, मग रीत कशाला? पण आपल्याला ठाऊक असते की उत्तर त्या एकाच गणिताचे असते; रीत पुढच्या शंभर गणितांना पुरते. शिवाय उत्तर चुकले, तर नेमके कुठे चुकले हे रीत असल्याशिवाय सापडत नाही.

संगणकाच्या आज्ञावलीलाही अशीच दोन रूपे असतात. एक रूप माणसाने लिहिलेले आणि माणसाला वाचता येणारे. 'कागद अडकला असेल तर थांब आणि निरोप पाठव' अशा धर्तीच्या सूचना त्यात संगणकाच्या एखाद्या भाषेत लिहिलेल्या असतात. या रूपाला मूळ संहिता किंवा सोर्स कोड म्हणतात. दुसरे रूप यंत्राला चालवता येणारे, म्हणजे शून्य आणि एक यांच्या लांबच लांब रांगा. पहिल्यापासून दुसरे तयार करण्याचे काम कंपायलर नावाची आज्ञावली चुटकीसरशी करते. दुसऱ्यावरून पहिले परत मिळवणे मात्र फार जिकिरीचे असते. विकत घेतलेल्या आज्ञावलीत बहुधा हे दुसरे रूपच आपल्या हाती येते. उत्तर मिळते, रीत मिळत नाही.

'ओपन सोर्स' हा शब्द आपण बातम्यांत वाचतो, आणि शिक्षकांच्या खोलीतली त्यावरची चर्चा लवकरच किमतीवर येऊन थांबते. फुकटचे ते कितपत चांगले असणार, असे कोणी म्हणतो. कंपन्या लुटतात, असे दुसरा म्हणतो. पण या गोष्टीचा एक महत्त्वाचा धागा किमतीतून नव्हे, तर एका शिक्षकाच्या वर्गातून जातो. तो धागा धरून हा इतिहास पाहू या.

यंत्राबरोबर मिळणारी वस्तू

१९५० च्या दशकात संगणक म्हणजे खोलीभर यंत्र. किंमत होती ती यंत्राला. आज्ञावली त्याच्याबरोबर येई, आणि तीही बहुधा मूळ संहितेसकट. १९५५ साली अमेरिकेत आयबीएमचे संगणक वापरणाऱ्यांनी 'शेअर' नावाची संघटना काढली. एकाच प्रकारची गणिते प्रत्येकाने नव्याने का मांडावीत, असा साधा विचार त्यामागे होता. एका कारखान्यातल्या अभियंत्याने लिहिलेली आज्ञावली दुसरा वापरी, त्यातली चूक सुधारी आणि परत पाठवी. थोडक्यात, आज ज्याला आपण नवा विचार समजतो ती त्या काळची सर्वसाधारण रीत होती. दार बंद झाले ते नंतर.

ते का बंद झाले? कोणी दुष्ट होते म्हणून नव्हे. आज्ञावल्या मोठ्या होत गेल्या आणि त्या लिहिण्याचा खर्च वाढला. जानेवारी १९६९ मध्ये अमेरिकी सरकारने आयबीएमवर मक्तेदारीबद्दल खटला भरला. त्याच वर्षी जूनमध्ये कंपनीने जाहीर केले की यापुढे यंत्राची किंमत वेगळी आणि आज्ञावल्यांची वेगळी. त्यामुळे केवळ आज्ञावल्या विकणाऱ्या लहान कंपन्यांनाही बाजार मिळाला. पुढे कायदाही आला. अमेरिकेने १९८० साली आणि भारताने १९८४ साली आपापल्या कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती करून संगणकाच्या आज्ञावल्यांचा स्पष्ट समावेश केला. आपल्या कायद्यात तर आज्ञावली ही 'साहित्यकृती' ठरली!

दुसऱ्या बाजूचे म्हणणेही ऐकले पाहिजे. फेब्रुवारी १९७६ मध्ये वीस वर्षांच्या बिल गेट्स यांनी हौशी संगणकप्रेमींना एक जाहीर पत्र लिहिले. आल्टेअर या लहान संगणकासाठी त्यांनी आणि पॉल अॅलन यांनी बेसिक भाषेची आज्ञावली तयार केली होती. ती वापरत होते पुष्कळ जण, पण विकत घेणारे थोडे. बाकीचे एकमेकांकडून नक्कल करून घेत. गेट्स यांचा सवाल होता, की मेहनतीचे दाम मिळणार नसेल तर उत्तम काम करायला पुढे येणार कोण? हा प्रश्न आजही हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

सिडनीचे प्राध्यापक लायन्स

त्याच सुमारास ऑस्ट्रेलियात, सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठात, जॉन लायन्स नावाचे प्राध्यापक 'कार्यप्रणाली' हा विषय शिकवत होते. कार्यप्रणाली म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम. संगणकाची स्मृती, कळफलक, छपाईयंत्र या सगळ्यांना वेळ वाटून देणारी, आणि एका वेळी अनेकांची कामे गोंधळाविना चालवणारी ही मुख्य आज्ञावली.

हा विषय शिकवण्यात एक अडचण होती. पुस्तकांत तत्त्वे होती, पण खरी कार्यप्रणाली विद्यार्थ्यांना पाहायला मिळत नसे. हृदय न दाखवता रक्ताभिसरण शिकवावे, तशी गत. लायन्स यांना युनिक्सचे नाव कळले ते १९७४ च्या एका शोधनिबंधातून. केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत १९६९ पासून ही कार्यप्रणाली घडवली होती. बेल प्रयोगशाळा एटी अँड टी या टेलिफोन कंपनीची. १९५६ च्या एका न्यायालयीन तडजोडीनुसार या कंपनीला टेलिफोनखेरीज दुसऱ्या धंद्यात पडता येत नव्हते. त्यामुळे ती युनिक्स विद्यापीठांना नाममात्र दरात देई, आणि तेही मूळ संहितेसकट.

लायन्स यांनी त्या संहितेचा गाभा वेगळा काढला. तो भरला सुमारे नऊ हजार ओळी. एका माणसाला सगळा वाचून समजू शकेल एवढा लहान, आणि तरीही खेळण्यातला नव्हे, रोज प्रत्यक्ष काम करणारा. १९७६-७७ मध्ये त्यांनी विद्यार्थ्यांसाठी दोन पुस्तिका तयार केल्या. एकीत ओळींना क्रमांक देऊन छापलेली संहिता, दुसरीत तिच्यावरचे भाष्य. आपल्याकडे सूत्रग्रंथावर भाष्य लिहीत, तसाच हा प्रकार. त्या संहितेत एका अवघड जागी, हे तुम्हाला समजेल अशी अपेक्षा नाही, अशी टीप मूळ लेखकांनीच लिहून ठेवली होती. पुढे रिची यांनी मोकळेपणाने कबूल केले की तिथे काय चालले आहे ते त्या वेळी त्यांनाही नीट कळले नव्हते! संहिता उघडी असल्याचा हाही एक फायदा. मोठ्यांचेही अडते, हे विद्यार्थ्याला दिसते.

पण दोनच वर्षांत चित्र पालटले. युनिक्सला बाजारात मोल आहे, हे कंपनीच्या ध्यानात आले. १९७९ साली आलेल्या सातव्या आवृत्तीच्या परवान्यात अट घातली गेली, की ही संहिता वर्गात शिकवण्यासाठी वापरता येणार नाही. संशोधकाने ती वापरावी; शिक्षकाने फळ्यावर मांडू नये. रीत दाखवण्यास मनाई!

विद्यार्थी आणि प्राध्यापक गप्प बसले नाहीत. लायन्स यांच्या पुस्तिकांच्या झेरॉक्स निघाल्या, झेरॉक्सवरून झेरॉक्स निघाल्या. अक्षरे पुसट होत गेली, तरी त्या प्रती जगभर फिरत राहिल्या. हक्कदारांच्या परवानगीने ते पुस्तक उघडपणे छापले गेले ते १९९६ साली, म्हणजे जवळजवळ वीस वर्षांनी. १९९८ साली लायन्स वारले.

दोन वाटा, एक विद्यार्थी

बंद दारावर दोघांनी दोन निराळे उपाय शोधले.

पहिले अँड्र्यू टॅननबॉम, अॅमस्टरडॅममधले प्राध्यापक. युनिक्स शिकवता येत नाही ना, मग युनिक्ससारखी दुसरी कार्यप्रणाली मीच लिहितो, असे त्यांनी ठरवले. १९८७ साली त्यांचे पाठ्यपुस्तक आणि त्याबरोबर मिनिक्स ही लहानशी कार्यप्रणाली आली. कोणी नवी सोय घालावी असे सुचवले, की ते बहुधा नकार देत. विद्यार्थ्याला एका सत्रात समजेल त्यापेक्षा मिनिक्स मोठी होता कामा नये, हा त्यांचा शिक्षकी हट्ट होता. मिनिक्स वाचायला मोकळी होती, पण बदल करून सर्वांना वाटण्याची मुभा त्या काळी नव्हती.

दुसरे रिचर्ड स्टॉलमन, एमआयटीतले आज्ञावलीकार. त्यांच्या प्रयोगशाळेतल्या छपाईयंत्रात कागद अडके. जुन्या यंत्राच्या संहितेत त्यांनी बदल करून, कागद अडकताच संबंधितांना निरोप जाईल अशी सोय केली होती. पुढे नवे यंत्र आले, पण त्याची संहिता आली नाही. ती ज्याच्याकडे होती त्या दुसऱ्या विद्यापीठातल्या संशोधकाने नकार दिला. कोणाला दाखवणार नाही असे त्याने लिहून दिले होते. या आणि अशा अनुभवांतून स्टॉलमन यांनी १९८३ साली ग्नू प्रकल्प जाहीर केला. १९८९ साली त्यांनी एक परवाना तयार केला. त्यातली युक्ती नामी आहे. कायदा लेखकाला कॉपीराइटचा हक्क देतो. त्याच हक्काच्या बळावर लेखक अट घालतो, की वापरा, वाचा, बदला, वाटा. पण पुढे वाटाल तेव्हा रीतही द्या आणि हीच मोकळीक पुढच्यालाही द्या. ज्या कुलपाने दार बंद झाले होते, त्याच कुलपाने ते उघडे ठेवले गेले.

या दोन वाटा एकत्र आल्या हेलसिंकीतल्या एका विद्यार्थ्याजवळ. लिनस टोरवाल्ड्स टॅननबॉम यांचे पुस्तक वाचून मिनिक्सवर शिकला होता. ऑगस्ट १९९१ मध्ये त्याने मिनिक्स वापरणाऱ्यांना कळवले, की आपण एक कार्यप्रणाली लिहीत आहोत, केवळ हौस म्हणून, फार मोठी होणार नाही. तीच लिनक्स. सप्टेंबरमधल्या पहिल्या आवृत्तीत सुमारे दहा हजार ओळी होत्या, जवळपास लायन्स यांच्या पुस्तिकेएवढ्याच. १९९२ साली त्याने ती स्टॉलमन यांच्या परवान्याखाली आणली, आणि ठिकठिकाणचे लोक तिच्यात भर घालू लागले. टॅननबॉम यांनी तिची रचना जुनाट असल्याची जाहीर टीका केली. विद्यार्थ्यानेही तितकेच रोखठोक उत्तर दिले. २०१७ च्या नोव्हेंबरपासून जगातल्या सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीत लिनक्सखेरीज दुसरी कार्यप्रणाली उरली नाही. अँड्रॉइड फोनच्या गाभ्यातही तीच आहे.

मुक्त आणि फुकट

इंग्रजीत मुक्त आणि फुकट या दोन्हींना एकच शब्द असल्यामुळे स्टॉलमन यांना सतत खुलासा करावा लागला. १९९८ साली 'ओपन सोर्स' हा शब्द पुढे आला, त्यामागे हा घोटाळा टाळणे हेही एक कारण होते. मराठीत ही अडचण नाही. तरीही आपण 'मुक्त' ऐकतो आणि 'फुकट' समजतो.

मुक्त आज्ञावली विकायला बंदी नाही, आणि तिच्याभोवती धंदाही होतो. २००१ साली मायक्रोसॉफ्टचे प्रमुख स्टीव्ह बाल्मर यांनी लिनक्सला कर्करोगाची उपमा दिली होती. त्याच कंपनीने २०१८ साली गिटहब हे मुक्त संहितांचे सर्वांत मोठे भांडार साडेसात अब्ज डॉलरना विकत घेण्याचा करार केला. १९६९ साली आज्ञावल्यांची किंमत वेगळी करणाऱ्या आयबीएमने २०१९ साली लिनक्सवर उभ्या असलेल्या रेड हॅट कंपनीसाठी ३४ अब्ज डॉलर मोजले. तेव्हा 'कंपन्या विरुद्ध लोक' असे सरळ चित्र आता राहिलेले नाही.

मग उघडी संहिता म्हणजे चोराला निमंत्रण नव्हे काय? येथे दोन्ही बाजूंचे दाखले आहेत. २०१४ साली ओपनएसएसएल या मुक्त आज्ञावलीत एक गंभीर चूक सापडली. जगातल्या असंख्य संकेतस्थळांची सुरक्षितता तिच्यावर अवलंबून होती, आणि चूक तर दोन वर्षे सर्वांसमोर होती. वाचण्याची मुभा सर्वांना होती. वाचणारे फार थोडे होते आणि सांभाळणारे मूठभर. उलट मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या आज्ञावलीत कोणी हेतुपूर्वक चोरवाट ठेवली होती. संगणकात प्रवेश मिळायला अर्ध्या सेकंदाचा उशीर का होतो, असे कुतूहल एका अभियंत्याला वाटले, त्याने आत पाहिले आणि डाव उघड झाला. उघडे दार स्वतः राखण करत नाही. कोणीतरी आत पाहावे लागते, आणि पाहणाऱ्याचे पोटही भरावे लागते. गेट्स यांचा जुना प्रश्न असा निराळ्या रूपात परत येतो.

आपल्या भाषेचाही यात संबंध आहे. संहिता बंद असेल, तर आज्ञावली मराठीत आणायची की नाही हे कंपनी ठरवते. उघडी असेल, तर ज्याला गरज आहे तो कामाला लागू शकतो. फायरफॉक्स, लिब्रेऑफिस यांचे मराठी रूप आणि लोहित नावाचे देवनागरी टंक या मोकळिकीतून मिळाले. मुंबईच्या आयआयटीचा 'स्पोकन ट्यूटोरियल' उपक्रम मुक्त आज्ञावल्यांचे पाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत देतो.

वर्गात यातले काय करता येईल? शाळेतल्या संगणकावर स्क्रॅच असेल, तर दुसऱ्या कोणा मुलाने केलेला एखादा खेळ उघडा. तो कसा चालतो ते आधी मुलांना तर्काने सांगू द्या. मग 'आत पहा' या अर्थाची कळ दाबा, एखादा आकडा बदला आणि काय होते ते पाहा. चेंडू जोरात पळू लागला किंवा पडद्याबाहेर गेला, की पुढचा प्रश्न मुलेच विचारतात. प्राध्यापक लायन्स यांनी आपल्या विद्यार्थ्यांना नऊ हजार ओळी हाती देऊन नेमके हेच करायला लावले होते.