भात, मीठ आणि गलगंड

भंडाऱ्यापासून 1999 सालीं वेगळा झालेला गोंदिया जिल्हा म्हणजे भाताचाच मुलूख. तेथें भात वर्ज्य करावयाचा, तर गळ्यांतील अवटुग्रंथीस त्याचें सोयरसुतक काय? तिच्या स्रावास प्रभावी रूप येतें तें बव्हंशीं इतर अवयवांत. अल्प आहारांतून पिष्टान्न पुरतें वगळल्यास हें रूपांतर मंदावतें, असें अमेरिकेंत 1976 सालीं स्थूल व्यक्तींवरील प्रयोगांत दिसलें. ही देहाची काटकसर. तिला लगेच रोग म्हणणें उतावळेपणाचें.

गलगंडाची कथा निराळी. कांगडा खोऱ्यांत 1956 पासून डॉ. रामलिंगस्वामींनीं आयोडिनयुक्त मीठ देऊन पाहिलें. गलगंड ओसरूं लागला, आणि 1962 सालीं राष्ट्रीय कार्यक्रम निघाला. सैंधवांत आयोडिन स्वभावतः अत्यल्प. भाताबरोबर साधें मीठही टाकून सैंधव धरणाऱ्या गोंदियाकराच्या ग्रंथीवर मग दुहेरी ताण पडण्याचा संभव असतो.