गुरूचें आसन

विद्यापीठांतील एखाद्या विभागाचें प्रमुखपद मिळणें हा आनंदाचा प्रसंग खरा. परंतु तें आसन जर आपल्या गुरूचें असलें, तर त्या आनंदांत एक निराळेंच ओझें मिसळलेलें असतें. मुंबई विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागाचा इतिहास याची साक्ष देतो.

१९१९ सालीं हा विभाग स्कॉटलंडचे पंडित पॅट्रिक गेडिस यांनीं स्थापिला. गेडिस मूळचे जीवशास्त्रज्ञ, पुढें नगररचनेचे आचार्य झालेले. मालवणांत १८९३ सालीं जन्मलेले संस्कृतचे तरुण अध्यापक गोविंद सदाशिव घुर्ये त्यांच्या व्याख्यानांस जात. गेडिस यांच्या शिफारशीनें ते इंग्लंडला गेले आणि लंडनहून केंब्रिजला रिव्हर्स यांचे शिष्य झाले. पण १९२२ सालीं रिव्हर्स अकस्मात् वारले. उरलेलें काम घुर्ये यांनीं हॅडन यांच्या हाताखालीं पुरें केलें. १९२४ सालीं गेडिस यांच्या जागीं विभागाची धुरा त्यांच्याकडे आली, तेव्हां त्यांचें वय अवघें तीस वर्षांचें होतें.

अशा वेळीं मनुष्यापुढें दोन वाटा असतात. गुरूची पद्धति जशीच्या तशी चालवावी, तर स्वतःची बुद्धि गुदमरते. ती सोडावी, तर कृतघ्नतेची शंका मनाला टोंचते. गेडिस यांची दृष्टि शहरावर, तर घुर्ये यांची पुंजी संस्कृत ग्रंथांची. त्यांनीं आपल्या पुंजीवरच व्यवहार मांडला. जाति, कुटुंब, धर्म हे विषय त्यांनीं हातीं घेतले. जाति आणि वंश यांवरील त्यांचा ग्रंथ १९३२ सालीं प्रसिद्ध झाला.

तथापि आसनाची खरी परीक्षा पुढेंच होती. इरावती कर्वे यांच्यासारखे नामवंत विद्यार्थी त्यांच्या हाताखालून गेले. त्यांपैकींच म्हैसूरचे श्रीनिवास पुढें ऑक्सफर्डला गेले आणि ग्रंथांपेक्षां खेड्यांतील प्रत्यक्ष वास्तव्यावर अधिक भर देऊं लागले. १९५१ सालीं बडोद्यास व १९५९ सालीं दिल्लीस त्यांनीं नवे विभाग उभारले. त्याच १९५९ सालीं घुर्ये निवृत्त झाले.

ज्यानें गुरूची वाट सोडली, त्यालाच आपल्या शिष्यानें वाट सोडलेली पाहावी लागली. पहिल्या प्रसंगीं धैर्य लागतें. दुसऱ्या प्रसंगीं मनाचा मोठेपणा. प्रमुखपदाच्या नेमणुकीच्या कागदावर यांपैकीं एकाचाही उल्लेख नसतो; पण दोन्ही अंगीं बाणल्यावांचून त्या आसनाचें ऋण फिटत नाहीं.