पोचपावती

विजय तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ १९८१ साली रंगभूमीवर आलं तेव्हा आत्या कॉलेजात होती. रोहिणी हट्टंगडींनी उभी केलेली मित्रा पाहून ती घरी आली आणि दोन दिवस कुणाशी धड बोलली नाही, असं आजी सांगायची. आजीला वाटलं, परीक्षा जवळ आलीय. आत्या आज सांगते ते वेगळं. बाईचा जीव बाईवर जडतो हे कुणीतरी मराठीत, भर नाट्यगृहात सांगतंय, यानंच तिला भरून आलं होतं. ‘‘पण शेवटी मारलंच गं तिला,’’ हे म्हणताना तिचा आवाज अजूनही चढतो. मला तिचा राग रास्त वाटतो. नाटक धाडसाचं होतंच. पण ते पाहून बाहेर पडलेल्या मुलीनं जगायचं कसं, हे सांगणारं तेव्हा कुणी नव्हतं.

ते सांगू शकणाऱ्या बायका पुढे स्त्री चळवळीत एकमेकींना भेटत गेल्या. मथुरा बलात्कार प्रकरणात सुप्रीम कोर्टानं पोलिसांना निर्दोष सोडलं, त्या संतापातून १९८० मध्ये मुंबईत एक मंच उभा राहिला; नारी अत्याचार विरोधी मंच म्हणून तो नंतर ओळखला गेला. आत्या तिथे गेली ती हुंड्याच्या आणि मारहाणीच्या प्रश्नांसाठी. रात्री घराबाहेर काढलेल्या बाईला कुठे न्यायचं, पोलीस तक्रार लिहून घेत नसतील तर चौकीत कसं ठाण मांडून बसायचं, हे सगळं ती तिथे शिकली. मावशीही तिला तिथेच भेटली. आम्ही भावंडं तिला पहिल्यापासून मावशीच म्हणत आलो. गोरेगावच्या त्यांच्या दोन खोल्यांत आमच्या मे महिन्याच्या सुट्ट्या गेल्या आणि त्या दोघी एकमेकींच्या कोण, हे आम्हाला कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

मावशीची एक फाइल आहे. तिच्यात १९८८ चं एक कात्रण आहे, घडीवर फाटलेलं, मागून सेलोटेप लावून जपलेलं. ती सेलोटेपही आता तपकिरी झालीय. मध्य प्रदेश पोलिसांतल्या लीला नामदेव आणि उर्मिला श्रीवास्तव यांनी डिसेंबर १९८७ मध्ये एकमेकींशी लग्न केलं आणि त्यापायी दोघींची नोकरी गेली, त्याची ती बातमी. ‘‘त्या काही आमच्यासारख्या मोर्चातल्या नव्हत्या,’’ मावशी सांगते. ‘‘साध्या शिपाई. पाठीशी ना संघटना, ना वकील. तरी केलं.’’ हे खूळ परदेशातून आलंय असं कुणी म्हणालं, की मी त्यांना या दोघींची नावं सांगते.

१९९५ मध्ये मुंबईत बायकांवर प्रेम करणाऱ्या बायकांचा ‘स्त्री संगम’ हा गट सुरू झाला. पुढे त्याचं नाव ‘लेबिया’ झालं आणि ‘स्क्रिप्ट्स’ नावाचं नियतकालिकही निघू लागलं. मग आलं १९९८. दीपा मेहतांच्या, दोन बायकांच्या प्रेमावरच्या ‘फायर’ सिनेमाचा खेळ २ डिसेंबरला शिवसेनेच्या महिला आघाडीनं बंद पाडला, तोही गोरेगावातच, सिनेमॅक्सला. काचा फुटल्या, पोस्टरं जळली. मोडतोड करणाऱ्यांत बायकाच होत्या, हे आत्याला फार लागलं. त्यानंतर जो निषेध झाला त्यातली पुष्कळ मंडळी अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर भरभरून बोलत होती आणि ज्यांच्यावर सिनेमा होता त्या बायकांचं नाव मात्र टाळत होती. म्हणूनच ७ डिसेंबरला दिल्लीत रीगल थिएटरबाहेर ‘भारतीय’ आणि ‘लेस्बियन’ हे दोन शब्द एकाच फलकावर झळकले, त्याचं या दोघींना केवढं अप्रूप!

बाहेरून पाहणाऱ्याला ही सगळी लढाई समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ ची वाटते. ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टानं प्रौढांचे संमतीचे संबंध त्या कलमातून मोकळे केले, तेव्हा आमच्याकडेही पेढे वाटले गेले. पण आत्याच्या गोष्टींत ते कलम क्वचितच येतं. येतात ते बाप, भाऊ, मामा. मुलीला खोलीत कोंडणं, फोन काढून घेणं, महिन्याभरात स्थळ पाहून अक्षता टाकणं. बाईच्या वाट्याला येणारा कायदा तिच्या घरातच बसलेला असतो.

म्हणून त्यांच्या बाहेरच्या खोलीत घडीची खाट कायम असे. आम्ही मुलं तिच्यावर झोपायचो आणि एखाद्या रात्री आम्हाला उठवून आतल्या खोलीत गादीवर हलवलं जायचं. सकाळी खाटेवर एखादी अनोळखी ताई असायची, कधी दोघी. चहा झाला की आत्या कोरा कागद पुढे करायची. वयाचा दाखला आहे ना? मग लिही: मी सज्ञान आहे, स्वखुशीनं घर सोडलंय, मला कुणी पळवलेलं नाही. एक प्रत गावच्या पोलीस ठाण्याला, एक इथल्या, दोन्ही रजिस्टर एडीनं. कारण घरचे आधी हरवल्याची तक्रार देतात, मग मैत्रिणीवर अपहरणाची, नाहीतर चोरीची. आणि पोलीस सज्ञान मुलीलाही हाताला धरून बापाच्या स्वाधीन करतात. पोस्टाची पोचपावती आली की मावशी ती फाइलला लावायची. कधी कधी पावतीच्या आधी पोलिसांची जीप यायची. त्या मुलींच्या गोष्टी सांगताना आत्या मध्येच थांबते, आणि मी पुढचं विचारत नाही.

१७ ऑक्टोबर २०२३ ला सुप्रीम कोर्टानं समलिंगी विवाहाला मान्यता नाकारली, तेव्हा टीव्हीवर चर्चा रंगली ती लग्नाचीच. त्याच सुनावणीत स्त्री चळवळीतल्या काही जुन्या कार्यकर्त्यांचीही याचिका होती. आपण निवडलेल्या माणसांनाही कुटुंब माना, आणि जन्मदात्यांच्या छळापासून आम्हाला संरक्षण द्या, असं त्या मागत होत्या. याचिकेचा हा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो आणि त्याचीच चर्चा सर्वांत कमी झाली.

मग २२ मे २०२५ ला मद्रास हायकोर्टाचा आदेश आला. पंचवीस वर्षांची मुलगी, घरच्यांनी डांबलेली. पोलिसांनीच तिला तिथे परत पोचवलेलं, आणि मैत्रिणीनं हेबियस कॉर्पसची, म्हणजे तिला कोर्टापुढे हजर करा अशी, याचिका केलेली. कोर्टानं मुलीला मोकळं केलं, पोलिसांवर ताशेरे ओढले, आणि कुटुंब उभं राहायला लग्न हा एकच मार्ग नाही, असं स्पष्ट म्हटलं. मी तो आदेश दोघींना मराठीत सांगत वाचून दाखवला. मावशीनं फाइलसाठी प्रत छापून आणायला सांगितली. आत्या शेवटपर्यंत ऐकत होती. मग म्हणाली, ‘‘आणि तिची सर्टिफिकेटं? ती घरातच अडकलीत की आणली तिनं?’’