खलिता, मसुदा आणि पूर्वावलोकन

१७८४ च्या पिट्स इंडिया अ‍ॅक्टनुसार लंडनमध्ये नियंत्रण मंडळ, म्हणजे बोर्ड ऑफ कंट्रोल, स्थापन झाले. हिंदुस्थानात पाठवावयाचा मुलकी, लष्करी वा महसुली स्वरूपाचा खलिता आधी या मंडळाला दाखविणे ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांवर बंधनकारक झाले. मंडळाला उत्तरासाठी चौदा दिवसांची मुदत होती. व्यवहारात मात्र या औपचारिक पायरीच्याही अलीकडे आणखी एक पायरी निर्माण झाली. कंपनीचा अध्यक्ष मसुद्याची प्रत मंडळाच्या अध्यक्षाकडे अनौपचारिकपणे पाठवी. तिला ‘प्रीव्हियस कम्युनिकेशन’ म्हणत, दप्तरी भाषेत ‘पी. सी.’. मतभेद असलेच तर ते तिथेच मिटत आणि मसुदा संचालकांपुढे रीतसर येई तेव्हा उभयपक्षी कोणाची शोभा होत नसे.

असे मसुदे लिहिणाऱ्यांत जॉन स्टुअर्ट मिल होता. अर्थशास्त्राचा विद्यार्थी त्याला ग्रंथकार म्हणून ओळखतो. पण १८२३ ते १८५८ अशी पस्तीस वर्षे तो कंपनीच्या परीक्षक कार्यालयात नोकरीस होता आणि सुमारे १,७०० खलित्यांचे मसुदे, त्यांतले बहुतेक संस्थानांशी संबंधित, त्याच्या हातचे आहेत. (इतके मसुदे वरिष्ठांकडून दुरुस्त होऊन आल्यावरही त्याचे गद्य शाबूत राहिले, याचे मला नवल वाटते.)

हे स्मरण होण्याचे निमित्त अगदी आजचे आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेचे एजंट आता समाजमाध्यमांवरील पोस्ट लिहितात आणि पुढच्या तारखेची वेळ लावून ठेवतात. ती पोस्ट प्रत्यक्षात कशी दिसेल हे एजंटाला आधीच दाखविणारी साधने आता निघाली आहेत. त्यांची गरज खरी आहे. एजंटापुढे असतो तो केवळ मजकूर. चित्राची कडा कुठे कापली जाईल, दुव्याखाली कोणते शीर्षक उमटेल, हे त्यात नसते. ‘मराठी’ हा शब्द डोळ्यांना तीन अक्षरांचा दिसतो, पण काना आणि वेलांटी वेगळी धरून ‘एक्स’ तो पाच चिन्हांचा मोजते. विनामूल्य खात्याची मर्यादा २८० चिन्हांची. वेळेचा घोळ त्याहून वाईट. सकाळचे नऊ जागतिक प्रमाणवेळेनुसार नोंदले गेले, तर आपल्याकडे पोस्ट दुपारी अडीचला निघते.

नुसते ‘खात्री आहे ना?’ असे विचारणे म्हणजे दाखविणे नव्हे. १३ जानेवारी २०१८ रोजी हवाई बेटांवर क्षेपणास्त्र हल्ल्याचा खोटा इशारा गेला, तेव्हा त्या प्रणालीनेही पाठविण्यापूर्वी हाच प्रश्न विचारला होता. सराव असो वा खरा इशारा, प्रश्न तोच. चूक झाल्याचा संदेश लोकांच्या भ्रमणध्वनीवर पोहोचायला ३८ मिनिटे लागली.

पण मला अधिक बोचते ते निराळेच. माझ्या परिचयाच्या एका कार्यालयाने २०२४ च्या डिसेंबरात नववर्षाच्या शुभेच्छांची पोस्ट आतषबाजीच्या चित्रासह आधीच तयार करून वेळ लावून ठेवली. पूर्वावलोकन तिघांनी पाहिले, मंजुरी रीतसर झाली. २६ डिसेंबरला डॉ. मनमोहन सिंग यांचे निधन झाले आणि १ जानेवारीपर्यंत राष्ट्रीय दुखवटा जाहीर झाला. मध्यरात्री आतषबाजी ठरल्याप्रमाणे प्रसिद्ध झाली. मजकुरात एका वेलांटीचीही चूक नव्हती. चुकला होता दिवस, आणि मंजुरीच्या वेळी तो कोणाला दिसणे शक्यच नव्हते.

वेळ लावून ठेवलेली पोस्ट ही जहाजावर चढलेल्या खलित्यासारखी असते. केप ऑफ गुड होपला वळसा घालून खलिता कलकत्त्यास पोहोचायला पाच-सहा महिने लागत. तोवर ज्या संस्थानाविषयी तो लिहिला, तिथला राजाही बदललेला असू शके. परंतु कलकत्त्यात गव्हर्नर जनरल बसलेला असे. परिस्थिती पालटली आहे असे कळवून तो अंमलबजावणी लांबवू शके, आणि लांबवीतही असे. १८७० मध्ये समुद्रतळाची तार मुंबईपर्यंत आली आणि त्याची ही मोकळीक आक्रसत गेली.

पोस्टच्या वाटेवर असा कोणी बसलेला नाही. म्हणून पूर्वावलोकनाचे साधन मसुद्याच्या वेळी एकदा चालवून भागणार नाही. निघण्याच्या तासाभर आधी एजंटाने ते पुन्हा चालवावे, त्या दिवसाची वार्ता पाहावी आणि शंका आल्यास पोस्ट रोखून अधिकाऱ्याला कळवावे. रोखण्याचा अधिकार त्याला खुशाल द्यावा. रोखलेली पोस्ट पुन्हा सोडण्याचा मात्र देऊ नये. त्यासाठी नाव आणि हुद्दा असलेल्या माणसाची सही हवी. त्या कार्यालयात सध्या एक कक्ष अधिकारी रोज संध्याकाळी घरी जाण्यापूर्वी दुसऱ्या दिवशीच्या पोस्टची यादी उघडून वाचतो.