दिनविशेष, १९ फेब्रुवारी : नरेंद्रनाथ फ्रीमेसन झाले

कोलकात्याच्या ‘अँकर अँड होप’ या फ्रीमेसन लॉजमध्ये, म्हणजे फ्रीमेसनरी या बंधुसंघटनेच्या शाखेत, १८८४ साली आजच्या दिवशी २१ वर्षांच्या नरेंद्रनाथ दत्तांनी दीक्षा घेतली. हेच पुढचे स्वामी विवेकानंद. त्याच महिन्यात वडील विश्वनाथ दत्त वारले, घरावर हलाखी ओढवली. तरीही मे महिन्यात तिसरी पायरी चढून ते ‘मास्टर मेसन’ झाले.

त्याआधी, वडिलांच्या वकिलीमुळे १८७७ ते १८७९ या काळात नरेंद्रनाथांचा मुक्काम रायपूरला होता. तिथे रेल्वे पोचली नव्हती. प्रवासाचा शेवटचा टप्पा बैलगाडीने, दाट जंगलातून. गावात योग्य शाळा नसल्याने वडिलांनीच मुलाला घरी शिकवले आणि घरी येणाऱ्या जाणत्यांच्या चर्चेत मोकळेपणाने बोलू दिले. लॉजकडे वळणाऱ्या तरुणाची घडण मला या घरातच दिसते. लॉजमध्येही प्रत्येकजण आपापल्या धर्मग्रंथावर शपथ घेतो, धर्म-राजकारणाचे वाद दाराबाहेर राहतात. मुंबईत भारतीयांसाठी असे दार ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ या लॉजने १८४३ मध्येच उघडले होते.

आज रायपूरच्या विमानतळाला विवेकानंदांचे नाव आहे. त्यांच्या चरित्रांत मात्र ही दीक्षा ओझरतीच येते; तिला याहून अधिक जागा मिळायला हवी.