मायना आणि कृतज्ञता

पेशवाईच्या काळी पंतोजींच्या शाळेत धूळपाटीवर ओनामा गिरवून झाला, बोरूने काढलेल्या मोडी अक्षरास वळण आले आणि पावकी-निमकी तोंडपाठ झाली, की मुलास पत्रांचे मायने घोकावयास लावीत. कारण उद्या तो कुळकर्ण्याच्या दप्तरात, फडात अथवा सावकाराच्या पेढीवर कारकुनीस बसावयाचा, आणि कोणास काय संबोधावे यात तेथे चूक झाली तर ती निव्वळ भाषेची चूक मानली जात नसे. या विद्येची परंपरा जुनी. देवगिरीच्या यादवांचा प्रधान हेमाद्री याच्या नावावर तर लेखनपद्धतीची मेस्तकेच, म्हणजे नियमांची टाचणेच, चालत आली आहेत.

या पाठात आभारपत्र असा स्वतंत्र प्रकार आढळत नाही, म्हणून त्या पिढ्यांना कृतज्ञता ठाऊक नव्हती असा निष्कर्ष काढणे उतावीळपणाचे होईल. पित्यास पत्र लिहिताना पुत्र स्वतःचे नाव घालण्यापूर्वी ‘अपत्ये’ असे लिही, आश्रयदात्यास लिहिणारा स्वतःस ‘पोष्य’ म्हणवी, आणि मग ‘कृतानेक साष्टांग नमस्कार विनंती’ करून, येथील क्षेम कळवून, स्वकीय कुशल लिहीत जाण्याची प्रार्थना करून तो मूळ मजकुराकडे वळे. म्हणजे आपण कोणाच्या अन्नावर वाढलो याचा कबुलीजबाब पत्राच्या दुसऱ्या-तिसऱ्या ओळीतच होऊन जाई. हा सारा पोकळ शिष्टाचार होता, असे आजचे सुशिक्षित हसून म्हणतात. ते मला अर्धेच पटते. मनात द्वेष ठेवूनही ‘लोभ असावा’ लिहिता येते हे खरे. परंतु आपण कोणाचे देणे लागतो हा विचार दहा वर्षांच्या मुलापुढे रोज ठेवण्याचे दुसरे साधन त्या शाळेपाशी होते तरी कोणते?

या पद्धतीस धक्का दिला तो टपालाने. 1854 साली अर्ध्या आण्याच्या तिकिटावर पत्र हिंदुस्थानभर जाऊ लागले, 1855 साली मुंबई इलाख्यात सरकारी विद्याखाते निघाले आणि 1879 साली पाव आण्याचे, म्हणजे एका पैशाचे, पोस्टकार्ड आले. त्या चिमुकल्या कार्डावर ‘अखंडितलक्ष्मीअलंकृत राजमान्य राजेश्री’ मावणार कसे? त्याचे ‘रा. रा.’ झाले, ‘तीर्थरूप’चे ‘ती.’ उरले, आणि साष्टांग नमस्काराची ‘सा. न. वि. वि.’ अशी चार अक्षरे होऊन बसली. नम्रता आखडली, तशी मजकुरास जागा मिळाली. आणि इंग्रजी शाळांतील निबंधलेखनाच्या वळणाने ‘मामांनी पाठविलेल्या पुस्तकाबद्दल त्यांचे आभार माना’ असा प्रश्न मराठी परीक्षेतही येऊ लागला.

पण ज्या मुलास मामाने कधी पुस्तक पाठविलेच नाही, त्याने लिहावे काय? तो बिचारा मार्गदर्शकातील नमुना उतरून काढतो. जुन्या मायन्याची जागा नव्याने घेतली, इतकेच. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात 1924 पासून काही वर्षे शिक्षक असलेले साने गुरुजी याला अपवाद म्हणावे लागतील. छात्रालयातील मुलांसाठी ते हस्तलिखित दैनिक काढीत, आणि पुढे ‘श्यामची पत्रे’ व ‘सुंदर पत्रे’ यांतून त्यांनी पत्र हेच लोकशिक्षणाचे साधन केले. त्यांच्या वाटेने जावयाचे तर वर्गात पत्रलेखन शिकविणाऱ्याने आधी मुलास एवढेच विचारावे, की तुला खरोखर आलेल्या एखाद्या वस्तूचे तू काय केलेस, कोणास दाखविलीस, कोठे ठेवलीस. आणि तो जे सांगेल तेच, त्याच्याच शब्दांत, ‘सा. न. वि. वि.’च्या खाली उतरू द्यावे. मायना हवा तर नंतर तपासावा.